रस्त्याचाही हक्क असतो

शब-ए-बारातच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. रात्री उशिरापर्यंत मस्जिदीत आणि घराघरांत जाग होती. कब्रस्तानात फातेहा पढून आलेली माणसे फजरनंतर जरा आडवी झाली होती. शाळेला जायचे म्हणून मी सात वाजता दार उघडले, तर गल्ली ओळखू येईना. जळालेल्या कागदांचा सडा, सुतळी बॉम्बच्या चिंध्या, सरबताचे प्लास्टिकचे ग्लास, हलव्याच्या उष्ट्या प्लेटा. कोपऱ्यावरचा नेहमीचा ढीग रात्रीतून दुप्पट झालेला. कुत्र्यांनी पिशव्या फाडून निम्मा कचरा गटारापर्यंत ओढत नेला होता.

समोरच्या चाचांच्या घरात दिवा अजून जळत होता. त्यांचे हृदयाचे ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते. रात्रभर प्रत्येक धमाक्याला ते दचकून उठून बसत होते, असे चाचींनी नंतर सांगितले. दीड वाजता त्यांच्या मुलाने बाहेर येऊन पोरांपुढे हात जोडले. पोरे गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिथे उडवू लागली.

नगरपालिकेच्या सफाई कामगार मावशी तेवढ्यात झाडू घेऊन आल्या. त्यांच्या उजव्या तळहाताला जुन्या साडीची पट्टी बांधलेली होती.

"मावशी, हाताला काय झाले?"

"काच लागली, बाई."

"कुठे लागली?"

त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "काल कोपऱ्यावरची पिशवी उचलली ना, तुमचीच होती. पोरांच्या परीक्षेचे कागद होते आत, लाल पेनाच्या खुणा केलेले."

मला आठवले. परवा संध्याकाळी चहाचा ग्लास फुटला होता. तुकडे गोळा करून मी भाजीच्या देठांबरोबर पिशवीत टाकले, वर चाचणीचे जुने पेपर कोंबले, गाठ मारली आणि मुलाला म्हटले, "जा, कोपऱ्यावर ठेवून ये." चाचांची झोप उडवणाऱ्या पोरांवर मी मनातल्या मनात चिडले होते. त्याच मनाला आता उत्तर सुचेना. वर्गात दरवर्षी मीच फळ्यावर लिहिते की पाकीजगी हा निम्मा ईमान आहे.

मी माफी मागितली. मावशी म्हणाल्या, "माफी कसली बाई, रोजचेच आहे. काच तेवढी कागदात गुंडाळून वेगळी देत जा."

आत स्वच्छ, बाहेर काय?

आपली घरे अस्वच्छ असतात असे कोणी म्हणू शकणार नाही. पाच वेळा वुजू करणारी माणसे आपण. जानमाजची जागा पुसलेली, जुम्म्याच्या दिवशी घर धुतलेले, भांडी लखलखीत. पण आपली स्वच्छता उंबरठ्यापाशी थांबते. घरातला केर उंबरठा ओलांडून गेला की आपल्या दृष्टीने तो संपला. प्रत्यक्षात तो फक्त दुसऱ्याच्या दारात गेलेला असतो.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ईमानच्या सत्तराहून अधिक शाखा सांगितल्या आणि रस्त्यातून त्रासदायक वस्तू बाजूला करणे ही त्यातली सर्वांत खालची पायरी आहे असे शिकवले. ही हदीस आपल्या मुलांना पाठ असते. पण तिचा दुसरा अर्थ आपण फारसा बोलून दाखवत नाही. काटा उचलणे जर ईमानची शेवटची पायरी असेल, तर रस्त्यावर काटा टाकणारा कोणत्या पायरीवर उभा आहे? लोकांच्या वाटेत आणि सावलीच्या जागी घाण करणाऱ्याला लोकांचे शिव्याशाप लागतात, असा इशाराही हदीसमध्ये आहे. रस्त्यावर बसणाऱ्या सहाबांना प्रेषितांनी (स.) रस्त्याचे हक्क सांगितले: नजर खाली ठेवा, कोणाला त्रास देऊ नका, सलामचे उत्तर द्या, भल्याचा आग्रह धरा आणि वाईटापासून रोखा. म्हणजे रस्त्याचाही आपल्यावर हक्क आहे. नमाज-रोजा हा बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला. पण ज्याची झोप मोडली, ज्याचा हात कापला, त्याचा हक्क त्यानेच माफ करावा लागतो. कयामतच्या दिवशी खरा मुफलिस कोण असेल, हे प्रेषितांनी (स.) समजावून सांगितले आहे. तो नमाज, रोजा, जकात सारे घेऊन येईल. पण त्याने ज्यांना दुखवले ते एकेक करून त्याच्या नेक्या घेऊन जातील. सफाई करणाऱ्या मावशी त्या रांगेत उभ्या आहेत, असे चित्र त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

जहाजाच्या तळाला भोक

"सगळेच टाकतात, माझ्या एका पिशवीने काय होते?" हे वाक्य प्रत्येक गल्लीत ऐकू येते. त्याला उत्तर देणारी हदीस सहीह बुखारीत आहे. एका जहाजात काही लोक वरच्या मजल्यावर होते, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी सारखे वर जावे लागे. त्यांना वाटले, आपल्याच भागात तळाला भोक पाडू, म्हणजे वरच्यांना त्रास होणार नाही. प्रेषितांनी (स.) सांगितले की वरच्यांनी त्यांना मोकळे सोडले तर सगळेच बुडतील, हात धरला तर सगळेच वाचतील.

या दृष्टांतात खालच्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना फक्त सोय हवी होती. आपल्या देशाचा कायदाही याच मुद्द्यावर बोट ठेवतो. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २६८ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या आहे. त्यात स्पष्ट म्हटले आहे की एखाद्या कृत्याने कोणाची सोय किंवा फायदा होत असला, तरी तेवढ्याने तो उपद्रव माफ होत नाही. कोपऱ्यावर पिशवी ठेवणे सोयीचे असते. म्हणूनच तो ढीग तयार होतो.

इबादतीची रात्र आणि सुतळी बॉम्ब

दिवाळीच्या धुराबद्दल बोलताना आपली जीभ चटकन सैल होते. ती बोलण्याआधी आपला हिशेब पाहू. शब-ए-बारात, लग्नाची वरात, क्रिकेटचा विजय, निवडणुकीचा निकाल, हाजींचे स्वागत. यांपैकी कितीतरी वेळा आपल्या मोहल्ल्यात लडी वाजतात. शब-ए-बारात कशी साजरी करावी याबद्दल मसलकांमध्ये मतभेद आहेत. फटाक्यांबद्दल मात्र नाहीत. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या 'बहिश्ती जेवर'मध्ये, जे पुस्तक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मुलींना लग्नात दिले जाते, आतिशबाजी वाईट रिवाजांमध्ये गणलेली आहे. आला हजरत अहमद रजा खान यांनीही शादी आणि शब-ए-बारातमधल्या आतिशबाजीला हराम ठरवले. ज्या दोन परंपरा अनेक प्रश्नांवर एकमेकींशी वाद घालतात, त्या इथे एका बाजूला आहेत. आणि सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानांचे भाऊ म्हटले आहे, हे तर सर्वांनाच माहीत आहे. पैशाला काडी लावणे याहून सरळ उधळपट्टी कोणती?

कायदा काय म्हणतो हेही मुलांना सांगायला हवे. फटाका जिथे फुटतो तिथून चार मीटरवर १२५ डेसिबलहून जास्त आवाज करणारे फटाके बनवायला, विकायला आणि वापरायला मनाई आहे. निवासी भागात रात्रीची ध्वनिमर्यादा आहे ४५ डेसिबल. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाच्या फटाक्यांना बंदी केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच न्यायालयाने लडींवर बंदी घातली, फक्त कमी प्रदूषण करणाऱ्या हरित फटाक्यांना परवानगी ठेवली आणि सणांना रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. रात्री दीड वाजता वाजणारी लडी शरीअतच्याही विरोधात आहे आणि कायद्याच्याही. आजारी, बाळंतीण, तान्हे मूल, सकाळी पेपर असलेला विद्यार्थी आणि त्या रात्री खरोखर इबादतीला बसलेला माणूस, या सर्वांचे ती काहीतरी हिरावून घेते.

पिशवी जाते कुठे?

कोपऱ्यावरची पिशवी दोन वाटांनी जाते. एक वाट गटाराची. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसापुढे कोणतेही शहर हतबल झाले असते. पण नाले आणि मिठी नदी कचऱ्याने व अतिक्रमणाने तुंबलेली असल्याने पाण्याला वाटच उरली नव्हती. त्यानंतर प्लास्टिकच्या पिशव्यांवर चर्चा झाली, नियम झाले. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक पिशव्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. तरी भाजीवाल्याकडे पातळ पिशवी मागणारे हात आपलेच असतात.

दुसरी वाट कचरा डेपोची. मुंबईत देवनारचा डेपो १९२७ पासून आहे. तिथे आज कचऱ्याचे डोंगर उभे आहेत. जानेवारी २०१६ मध्ये त्यांना आग लागली, कित्येक दिवस धूर शहरावर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. या डोंगरांच्या पायथ्याशी गोवंडीच्या वस्त्या आहेत आणि तिथे राहणाऱ्यांत गरीब मुस्लिम कुटुंबांची संख्या मोठी आहे. औरंगाबादचा, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचा कचरा अनेक वर्षे नारेगावला टाकला जात असे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या आणि शहरातल्या रस्त्यांवर आठवडेच्या आठवडे ढीग साचले. मिटमिट्याला कचरा नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा मार्चमध्ये तिथे दगडफेक आणि लाठीमार झाला. कोणालाच दुसऱ्याचा कचरा आपल्या दारात नको असतो. नारेगावच्या लोकांचे काय चुकले?

हे डोंगर का पेटतात, तर ओला आणि सुका कचरा एकत्र असतो म्हणून. अन्न, भाजीपाला हवेविना दबून सडला की त्यातून मिथेन वायू निघतो. तो पेट घेतो आणि भोवतीचे प्लास्टिक जळत राहते. तोच ओला कचरा वेगळा दिला तर त्याचे खत होते. सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेने घरोघरचा कचरा वेगळा गोळा करून जुन्या कचरा डेपोच्या जागी बाग फुलवून दाखवली. लोक ती बघायला जातात. म्हणजे छोट्या गावाला हे जमते.

आपल्याला जमते, हे आपले घरच सांगते

"कचरा वेगवेगळा करायला वेळ कोणाला आहे?" असे मला भगिनी विचारतात. मी त्यांना उलट विचारते, तुम्ही रोटीचा तुकडा कचऱ्यात टाकता का? नाही. तो बाजूला ठेवून बकरीला किंवा पाखरांना घालता. बिस्मिल्लाह छापलेली शादीची पत्रिका, आयत असलेले कॅलेंडर, उर्दू वर्तमानपत्राचे पान केराच्या डब्यात टाकता का? तेही नाही. ते घडी घालून मस्जिदीतल्या पेटीत देता. म्हणजे आपल्या आई-आजीने आपल्याला दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला शिकवलेच आहे. रिज्कचा अदब आणि अक्षरांचा अदब आपण जाणतो. आता त्यात कचरा उचलणाऱ्या हाताचा अदब जोडायचा आहे.

घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी प्रत्येक घरावर ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा करण्याची जबाबदारी टाकली. रस्त्यावर, गटारात, मोकळ्या जागेत कचरा टाकायला आणि जाळायलाही मनाई केली. घरात त्याचा अर्थ इतकाच:

ओल्या डब्यात सालपटे, उरलेले अन्न, चहाची पत्ती, अंड्याची टरफले.

सुक्यात कागद, पुठ्ठा, प्लास्टिक, बाटल्या, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या. हे भंगारवाल्यालाही देता येते.

तिसऱ्या डब्यात मुदत संपलेली औषधे, बॅटरीचे सेल, बल्ब, ट्यूबलाइट. मधुमेहाचे रुग्ण आता घरोघरी आहेत. इन्सुलिनच्या सुया कधीही मोकळ्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत जमवा, झाकण घट्ट लावा, मग द्या.

फुटकी काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळा, दोऱ्याने बांधा आणि हातात देऊन सांगा, "यात काच आहे."

सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने ही मोहीम चालवली. ठिपका पाहिला की वेगळे करणारी बाई ते पुडके उघडत नाही. हया ही ईमानची शाखा आहे असे आपण मानतो. मग आपल्या मुलींच्या वापरलेल्या कापडाला दुसऱ्या कोणा बाईचा उघडा हात लागावा, यात हया कुठे राहते?

दावत आणि कुर्बानी

आपल्याकडे वलीमा म्हटला की चारशे-पाचशे माणसे सहज. बिर्याणीचे ताट, प्लास्टिकचे ग्लास, पाण्याच्या अर्ध्या प्यालेल्या बाटल्या, हाडे, सारे एका ढिगात. मांडव उतरतो, ढीग तिथेच राहतो. २०१६ च्या नियमांमध्ये असेही होते की परवाना नसलेल्या जागी १०० हून अधिक लोकांचा कार्यक्रम असेल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी नगरपालिकेला कळवायचे आणि कचरा वेगळा करून सोपवायचा. मंडपवाला, बावर्ची, बँडवाला यांच्याशी आपण महिनाभर आधी बोलतो. त्या यादीत सफाईवाल्याचे नाव आणि त्याची मजुरी लिहायला काय हरकत आहे? स्टीलच्या थाळ्या-पेले भाड्याने मिळतात. थाळीत एकत्र जेवण्याची आपली जुनी रीत तर सुन्नतही आहे आणि तिच्यात कचराही कमी होतो.

बकरी ईदला ही जबाबदारी आणखी वाढते. दरवर्षी उलेमा आणि संघटना आवाहन करतात की कुर्बानी ठरलेल्या जागी करा, रक्त उघड्या गटारात सोडू नका, ओझरी-आतडी रस्त्यावर टाकू नका. तरी दुसऱ्या दिवशी एखाद्या कोपऱ्यावर ती पिशवी दिसतेच. अवशेष जाड पिशवीत बांधून नगरपालिकेच्या गाडीत द्यावेत किंवा मोकळ्या जागेची सोय असेल तिथे खोल खड्ड्यात पुरावेत. तीन दिवसांची कुर्बानी करून आपण शेजाऱ्याला आठ दिवसांची दुर्गंधी दिली, तर त्याच्या मनात आपल्या ईदबद्दल काय राहील?

तक्रार खरी, पण...

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. आपल्या वस्त्यांकडे दुर्लक्ष होते, हे अनेक ठिकाणी खरे आहे. घंटागाडी मोठ्या रस्त्यापर्यंत येते, बोळात शिरत नाही. कुंडी काढून नेली जाते, पर्याय दिला जात नाही. गटारे महिनोन्‌महिने उपसली जात नाहीत. हा हक्क मागायलाच हवा, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन, नगरसेवकाला धरून. पण हक्क मागणाऱ्याच्या हातात पिशवी असता कामा नये.

आमच्या गल्लीत मी कोणाला व्याख्यान दिले नाही. काचेची गोष्ट सांगितली, माझ्याच पिशवीची. पाच-सहा घरांतल्या भाभी आणि आपा जमल्या. इमामसाहेबांना विनंती केली, त्यांनी दोन जुम्मे रस्त्याच्या हक्कांवर बयान दिले. ६२ घरांच्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेत दिला, की गाडी शिरत नसेल तर हातगाडी पाठवा. चार खेटे घातल्यावर हातगाडी सुरू झाली, आठवड्यातून तीन दिवस. फटाके उडवणाऱ्या पोरांमध्ये माझे तीन माजी विद्यार्थी होते. त्यांना घेऊन मी चाचांना भेटायला गेले. चाचा काही रागावले नाहीत. शर्टाची वरची बटणे काढून छातीवरचा टाक्यांचा व्रण त्यांनी पोरांना दाखवला, एवढेच.

सगळे सुधारले असे मी सांगणार नाही. कोपऱ्यावर अजूनही सकाळी दोन-तीन पिशव्या असतात. त्या कोणाच्या, हे सर्वांना माहीत आहे आणि तोंडावर कोणी बोलत नाही. पुढच्या शब-ए-बारातला दहाच्या सुमारास पलीकडच्या बोळात एक लडी वाजली. आमच्या गल्लीत मात्र रात्र शांत गेली. त्या तिघांपैकी एक पोरगा फजरनंतर हलव्याच्या प्लेटा गोळा करत होता. त्याला कोणी सांगितले होते, मला ठाऊक नाही.

मावशींच्या तळहातावर ती खूण अजून आहे. मी काच दोरा बांधून त्यांच्या हातात देते, तेव्हा ती दिसते. त्यांनी मला केव्हाच माफ केले. पण माझ्यासारख्या किती घरांच्या पिशव्यांनी किती हात कापले असतील, ज्यांची माफी मागायला आपण कधी गेलोच नाही. आज रात्री कचऱ्याची पिशवी बांधताना क्षणभर थांबा आणि उद्या सकाळी ती कोण उघडणार आहे, त्याचा विचार करा. अल्लाह आपल्या हातून, आपल्या आवाजातून आणि आपल्या दारातून कोणालाही त्रास होऊ न देवो. आमीन.